‘नये’ कुठे हरवलं? गाणी, शांतता आणि एका अनुवादिकेचं काम

पार्श्वभूमी

आम्ही पाच जण मिळून अनुवादाचं काम करतो. उपकरणांच्या माहितीपुस्तिका, आरोग्यविषयक पत्रकं आणि मधूनमधून एखादं पुस्तक. प्रत्येक जण आपापल्या घरून काम करतो, शेवटचं वाचन माझ्याकडे असतं. हे प्रकरण ज्या अनुवादिकेचं आहे ती आमच्यातली सर्वांत अनुभवी. तिच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

तिच्या अनुवादाला मूळ भाषेचा वास येत नाही, वेगही चांगला. कामाला बसली की कानात गाणी, हे तिचं कित्येक वर्षांचं. भावगीतं, जुनी चित्रपटगीतं, सगळी तोंडपाठ. सकाळी एक यादी, दुपारी दुसरी. तिच्या या सवयीकडे मी कधी अडचण म्हणून पाहिलं नव्हतं. काम उत्तम येत होतं, मग कानात काय आहे याच्याशी मला काय करायचं होतं?

अडचण कशी लक्षात आली

एका घरगुती उपकरणाच्या पुस्तिकेचा मजकूर तपासताना मी एका वाक्यावर थांबले. मूळ सूचना अशी होती की ओल्या हाताने उपकरण हाताळू नये. अनुवादात वाक्य सुरळीत आलं होतं, पण शेवटी ‘हाताळावे’ होतं. ‘नये’ गायब. ही चूक छापून गेली असती तर एखाद्याला विजेचा झटका बसला असता.

मग मी तिचं मागच्या तीन महिन्यांचं काम काढून पुन्हा वाचलं. सुटलेला नकार आणखी दोन ठिकाणी सापडला. एका ओळीवरून नजर उडून खालची ओळ घेतल्याचे प्रकार होते. आणि एक चूक अशी होती की तिनेच मला खरी दिशा दाखवली. औषध घेण्याच्या वेळांच्या तक्त्यात सगळीकडे ‘सकाळी’, ‘दुपारी’, ‘सायंकाळी’ असे शब्द होते. एका रकान्यात मात्र ‘सांजेला’ आलं होतं. औषधाच्या तक्त्यात ‘सांज’ हा शब्द कुणी शोधून घालत नाही. तो कानातून आला होता.

हे मात्र मला नंतर उमगलं. तेव्हा माझं निदान वेगळं होतं: कामाचा बोजा जास्त झालाय, ती थकली आहे. मी तिच्याकडचं एक काम काढून दुसऱ्याला दिलं. पुढचे तीन आठवडे चुका तशाच राहिल्या. माझ्या या अंदाजापायी तिला विनाकारण अपमान वाटला, आणि तो तिने बोलून दाखवला नाही. हा या प्रकरणातला पहिला निर्णय होता आणि तो चुकला.

‘सांज’वर मी परत आले तेव्हा तिला थेट विचारलं, “हा तक्ता करताना कानात काय होतं?” तिने आठवून गाणं सांगितलं. त्यात तो शब्द होता.

गाणं आणि वाचन एकाच जागेसाठी का भांडतात

त्या दिवसानंतर मी या विषयावर बरंच वाचलं. निर्णय कशाच्या आधारावर घेतले ते कळावं म्हणून त्यातलं मोजकं इथे देते.

१९७४ साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यकारी स्मृतीची मांडणी केली. आपण वाचतो ते शब्द डोळ्यांतून आत येतात, पण काही क्षण टिकतात ते आवाजाच्या रूपात, मनातल्या मनात म्हटल्यासारखे. ही जागा फार छोटी आहे. आणि कानांना पापण्या नसतात: कानावर पडलेलं बोलणं परवानगी न मागता त्याच जागेत शिरतं. १९७६ मध्ये हर्बर्ट कॉल आणि ॲलन वेल्श यांनी दाखवलं की पडद्यावर पाहिलेली अक्षरं क्रमाने आठवायची असतील, तर मागे चाललेलं परक्या भाषेतलं वाचनही त्यात खोडा घालतं. त्यांच्या प्रयोगात ते वाचन जर्मनमध्ये होतं आणि ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं. पुढे १९८९ मध्ये पियेर सालामे आणि बॅडली यांना आढळलं की अशा कामात गायलेलं संगीत केवळ वाद्यसंगीतापेक्षा जास्त आड येतं.

याला मराठीची एक खास बाजू आहे आणि ती मला कुठल्याही शोधनिबंधातून मिळाली नाही, तिच्या चुका पाहून सुचली. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार बहुतेक वेळा त्याच्याही शेवटाला चिकटतो: करू नये, होत नाही, लागणार नाही. इंग्रजीत नकार लवकर येतो. अनुवाद करणाऱ्याला तो सुरुवातीलाच उचलून, कर्ता, कर्म, अटी, जोडवाक्यं सगळं पार करत शेवटपर्यंत हातात धरून न्यावा लागतो. वाटेत कानात एखादी ओळ आली की हातातलं जे पडतं ते शेवटचंच पडतं. तिच्या तिन्ही सुटलेल्या नकारांची वाक्यं लांब होती. छोट्या वाक्यात तिचा नकार एकदाही सुटलेला नव्हता.

कोणते पर्याय समोर होते

आम्ही दोघींनी बसून पर्याय मांडले. तिचं पहिलं म्हणणं होतं, “ताई, ही गाणी मला पाठ आहेत. मी ती ऐकतसुद्धा नाही. आवडतं गाणं त्रास कसा देईल?” हा आक्षेप मनापासूनचा होता आणि बहुतेक लोकांना तो पटेल. पण निक पर्हम आणि जोआन व्हिझर्ड यांनी २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. आवडतं संगीत आणि नावडतं संगीत, दोन्हींनी क्रम लक्षात ठेवण्याच्या कामात सारखाच अडथळा आणला. आवड माणसाला खूश ठेवते. ती त्या छोट्या जागेतली गर्दी कमी करत नाही.

दुसरा पर्याय, आवाज कमी करणे. हा सगळ्यात सोपा म्हणून सगळ्यात मोहात पाडणारा. तिसरा, न कळणाऱ्या भाषेतली गाणी. हा मी लगेच खोडला, कारण जर्मनचा प्रयोग ताजाच वाचला होता. आज वाटतं, तो इतक्या झटपट खोडायला नको होता. क्रम लक्षात ठेवणं आणि मजकूर समजून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. समजून घेण्याच्या कामात कळणारी भाषा अधिक नडते, तेव्हा न कळणारी गाणी तिच्या गाण्यांपेक्षा बरी ठरली असती, अशी शक्यता होती.

चौथा, केवळ वाद्यसंगीत. पाचवा, एकसुरी आवाज: पाऊस, पंखा किंवा ज्याला ब्राउन नॉइज म्हणतात तो धबधब्यासारखा घुमणारा आवाज. (या नावाचा तपकिरी रंगाशी संबंध नाही. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलेल्या कणांच्या हालचालीवरून ते आलं. व्हाइट नॉइजमध्ये सर्व कंपनसंख्यांना सारखी ऊर्जा असते. पिंकमध्ये ती दर सप्तकामागे ३ डेसिबलने उतरते आणि ब्राउनमध्ये ६ डेसिबलने. म्हणून ब्राउन कानाला खर्जातला आणि मऊ लागतो.) सहावा पर्याय पूर्ण शांतता.

काय करून पाहिलं

चार आठवडे ठरवले. तिने रोज एका वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: कानात काय होतं, कामाचा कोणता भाग चालू होता आणि खुर्चीत बसल्यापासून पहिलं वाक्य लिहिलं जाईपर्यंत किती वेळ गेला. चुका मी मोजायच्या. तिसरी नोंद तिच्याच आग्रहाने घेतली, आणि सगळ्यात उपयोगी तीच ठरली.

पहिल्या आठवड्यात तीच गाणी, पण जेमतेम ऐकू येतील इतकी हळू. चुकांमध्ये फरक नाही. याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही, कारण डिलन जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रूफ तपासण्याच्या कामावर केलेल्या प्रयोगात अर्थपूर्ण बोलणं चुका शोधण्यात आड आलं होतं आणि आवाज मोठा की लहान यावर ते अवलंबून नव्हतं. तिला मात्र हे स्वतः पाहायचं होतं. पाहिल्यावर तिचा विरोध मावळला, तेव्हा हा आठवडा फुकट गेला असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही. हेडफोन काढून ठेवले. नकार एकदाही सुटला नाही, ओळ एकदाच सुटली. मी खूश झाले आणि प्रश्न सुटला असं मनोमन ठरवूनही टाकलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“ताई, मला बसवतच नाही. पाऊण तास नुसती खुर्चीत आहे. आणि शेजारच्या खोलीतलं सगळं बोलणं ऐकू येतंय. पूर्वी कळायचंच नाही की इथे इतकं बोलतात.”

वहीत तेच दिसत होतं. पहिलं वाक्य लिहायला पूर्वी पाच-दहा मिनिटं लागायची, आता अर्धा-पाऊण तास. दिवसाची पानं घटली होती. इथे मी थांबून विचार केला हे मला या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतं. चुका कमी झाल्याच होत्या. ‘सवय होईल, काढ हे दिवस’ असं सांगून मी विषय संपवू शकले असते. त्याऐवजी तिला विचारलं, “गाणं तुझ्यासाठी नेमकं काय करतं?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “गाणं लागलं की मी कामात शिरते. कोरं पान बघून जी भीती वाटते ना, ती जाते. नंतर ते चालू आहे की नाही, मला माहीतसुद्धा नसतं.”

म्हणजे गाण्यांची गरज सुरुवातीपुरती होती आणि नुकसान पुढे होत होतं. याला आधार देणारी एक गोष्ट मी वाचली होती. १९९३ मध्ये फ्रान्सिस राउशर यांचा छोटा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला आणि मोत्सार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते अशी समजूत जगभर पसरली. प्रत्यक्षात त्यात १० मिनिटं दोन पियानोंची एक रचना ऐकवली होती आणि आकार-अवकाशाच्या कोड्यांमध्ये दिसलेला फायदा १० ते १५ मिनिटांत ओसरला होता. २००१ मध्ये विल्यम थॉम्पसन, ग्लेन शेलेनबर्ग आणि गॅब्रिएला हुसेन यांनी दाखवलं की हा फायदा मनाची उभारी आणि चेतना वाढल्यामुळे मिळतो. ती वजा केली की मोत्सार्टचा वेगळा असा परिणाम उरत नाही. आणि त्या प्रयोगात संगीत कामाच्या आधी ऐकवलेलं होतं, काम चालू असताना नव्हे. तिने जे सांगितलं ते याच्याशी जुळत होतं.

शेजारच्या खोलीचा मुद्दाही तितकाच मोठा होता. तिच्या घरी शांतता नव्हतीच. गाणी काढल्यावर तिच्या कानांना मिळालं ते दुसऱ्यांचं बोलणं, म्हणजे पुन्हा शब्दच. कित्येक वर्षं ती गाण्यांनी घर झाकत होती आणि हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात वाद्यसंगीत घेतलं. याचे तीन वेगळे निकाल आले. बासरीवर वाजवलेली ओळखीची गाणी निरुपयोगी, कारण चाल कानावर पडली की शब्द आतून आपोआप उठतात. गायक नसला तरी गाणं होतंच. सतारवादनात आलापापर्यंत काम छान चाललं, पण लय चढून ‘झाला’ (सतारीतला शेवटचा वेगवान भाग) सुरू झाला की तिची बोटंही कळफलकावर धावू लागली आणि मग मागे जाऊन पुसापुशी. तिसऱ्यात कुठलीच तक्रार नव्हती: नुसता तानपुरा. तो भरून राहतो, पण पुढे काय येणार अशी उत्सुकता लावत नाही. जोन्स यांचं म्हणणंही असं आहे की अडथळा येतो तो आवाजातल्या सततच्या बदलामुळे, आणि एकसारख्या चाललेल्या आवाजाने तो फारसा येत नाही. तानपुऱ्याने शेजारचं बोलणंही बऱ्यापैकी बुजवलं. जिथे तो पुरत नव्हता तिथे तिने ब्राउन नॉइज लावला.

फक्त एक खबरदारी मी घ्यायला लावली. बोलणं झाकण्यासाठी आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने कामाच्या जागेसाठी घातलेली मर्यादा ८ तासांना सरासरी ८५ डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. कान झाकणारे बंदिस्त हेडफोन घेतल्यावर तिला आवाज वाढवावा लागला नाही.

चौथ्या आठवड्यात कामाचेच भाग पाडले. आतापर्यंत आम्ही दोघी ‘काम’ असं एकच समजून गाणी की शांतता हा वाद घालत होतो. वही उघडून बसलो तेव्हा दिसलं की तिच्या दिवसात चार वेगळी कामं आहेत.

बसण्याआधी १५ मिनिटं हवी ती गाणी, मोठ्याने, हवं तर सोबत गाऊन. मग बंद. कच्चा खर्डा लिहिताना तानपुरा. मूळ मजकुराशी ओळीला ओळ लावून पाहताना कानात काहीच नाही, आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. ही सूचना तिची. मोठ्याने वाचायचं म्हटलं की गाण्याला जागाच उरत नाही आणि शेवटचं ‘नये’ स्वतःच्या कानाला ऐकू येतं. चौथं काम म्हणजे तक्ते आखणं, पानांचे क्रमांक जुळवणं, मथळ्यांचे आकार सारखे करणं. त्यात भाषा नाही, कंटाळा आहे. तिथे पुन्हा हवी ती गाणी. अशा एकसुरी कामाला गाण्याची सोबत जुनीच आहे: बीबीसीने युद्धकाळात, जून १९४० मध्ये, कारखान्यांतल्या कामगारांसाठी रोज अर्ध्या अर्ध्या तासाचे संगीताचे कार्यक्रम सुरू केले ते याच विचाराने, आणि ते १९६७ पर्यंत चालले.

काय निष्पन्न झालं

पुढच्या दोन महिन्यांत तिच्याकडून आलेल्या कामात नकार एकदाही सुटला नाही. ओळ गळण्याचे प्रकार तुरळक राहिले. पहिल्या दोन आठवड्यांत वेळ जास्त लागला, कारण मोठ्याने वाचायला वेळ लागतोच. नंतर माझ्याकडून दुरुस्तीसाठी परत जाणारी पानं कमी झाली आणि हिशेब बरोबरीला आला. बसल्यापासून पहिल्या वाक्यापर्यंतचा वेळ पुन्हा दहा मिनिटांच्या आत आला.

सगळंच सुटलं असं नाही. आकड्यांच्या चुका, म्हणजे दोन अंकांची अदलाबदल, जवळजवळ तेवढीच राहिली; त्याचं कारण वेगळं असावं आणि ते अजून शोधलेलं नाही. एकदा मुदतीच्या आदल्या रात्री तिने ताळा पाहताना गाणी लावली. त्या पानांत दोन ओळी गळल्या. तिने स्वतःच दुसऱ्या दिवशी फोन करून कोणती पानं ते सांगितलं. मला त्या फोनचं मोल कमी चुकांपेक्षा जास्त वाटतं.

आणि तिला गाणी आठवतात. खर्डा लिहिताना पूर्वी जी मजा होती ती तानपुऱ्यात नाही, असं ती म्हणते, आणि ते खरं असणार. कामात आनंद असणं हीही छोटी गोष्ट नाही. कॅनडातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत टेरेसा लेसिक यांनी केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, संगीत काढून घेतलेल्या काळात कामाचा दर्जा सर्वांत खाली गेला होता आणि काम रेंगाळलं होतं. म्हणून सरसकट गाणी बंद, असा नियम मी कुणालाही घालणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, विचारायला हवं होतं. ‘तू थकली आहेस’ असं मी गृहीत धरलं, त्यात तीन आठवडे गेले आणि तिचं मन दुखावलं. ‘ही चूक झाली तेव्हा आजूबाजूला काय चालू होतं?’ हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी पुरला असता.

चाचणीतही दोष होते. कोणत्या आठवड्यात कानात काय आहे हे मला माहीत होतं आणि चुका मीच मोजत होते. शांततेच्या आठवड्यातली पानं मी जास्त उदारपणे वाचली नसतील, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. ती पानं पाचांपैकी दुसऱ्या कुणाला, आठवडा न सांगता, द्यायला हवी होती. शिवाय शांततेच्या आठवड्यात तिच्याकडे आलेला मजकूर छोट्या वाक्यांचा होता, आणि छोट्या वाक्यात नकार तसाही सुटत नव्हता. आठवड्यांऐवजी दिवस आलटून पालटून घेतले असते तर हा घोळ टळला असता.

तिच्या घरातल्या आवाजांची चौकशी पहिल्या पर्यायाच्याही आधी व्हायला हवी होती. शेजारी बोलणं चालू असेल तर ‘काहीच नको’ हा पर्याय मुळात शांततेचा नसतो.

आणखी एक चूक मी करता करता राहिले. हा निकाल पाहून सगळ्यांना हीच पद्धत लागू करावी असं मला वाटलं होतं. आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने तेव्हाच सांगितलं की त्याला लक्ष टिकवण्याची अडचण, म्हणजे एडीएचडी आहे आणि शांत खोलीत त्याचं डोकं दहा दिशांना पळतं. योरान सॉडरलंड यांनी २००७ मध्ये मुलांवर केलेल्या अभ्यासात असंच दिसलं होतं: व्हाइट नॉइजमध्ये एडीएचडी असलेल्या मुलांची आठवण सुधारली, इतरांची बिघडली. तेव्हा त्याच्यासाठी वेगळी वही केली आहे. तक्त्याचे रकाने तेच, फक्त आवाज त्याने निवडायचे आणि पानं मी तपासायची नाहीत. ती अनुवादिका तपासते आहे, आणि कोणत्या दिवशी काय चालू होतं हे तिला सांगितलेलं नाही.